टॉवेलाखालचा भाव

नवीन गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याचा माऊस काढून घेते आणि माझ्या पर्समध्ये ठेवते. मग म्हणते, आता तुमचीच वेबसाईट मला चालवून दाखवा. गिऱ्हाईक म्हणजे कुणी साधासुधा माणूस नसतो. बिदरच्या एखाद्या पतसंस्थेचे अध्यक्ष असतात, कलबुर्गीच्या एखाद्या कॉलेजचे प्राचार्य असतात. स्वतःच्या वेबसाईटच्या उद्घाटनाला नारळ फोडलेली माणसं. ती आधी कीबोर्डकडे बघतात, मग पर्सकडे, मग माझ्याकडे. आपण बोलावून घेतलेली ही बाई धड आहे ना, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसतो. एका अध्यक्षांनी तर शिपायाला हाक मारून दुसरा माऊस मागवला. मी तोही पर्समध्ये टाकला.

थोड्याच वेळात साहेबांना घाम फुटतो. कीबोर्डवरचं एकेक बटण दाबत ते पानावर कुठेतरी हरवतात, 'पुढे जा' सापडत नाही, सापडलंच तर दाबता येत नाही. शेवटी म्हणतात, मॅडम, पण असं कोण वापरतं? तिथून माझं काम सुरू होतं.

काम साधं आहे. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, किंवा ज्यांचा हात माऊसवर ठरत नाही, त्यांना एखादी वेबसाईट वापरता येते का ते तपासायचं, आणि येत नसेल तर येईल अशी करून घ्यायची. इंग्रजीत याला भारदस्त नाव आहे. भालकीला आमच्या गल्लीत मात्र 'तिचं कॉम्प्युटरचं काय तरी असतंय' एवढीच माझी ख्याती आहे. त्यामुळे आधार कार्डावरचा पत्ता बदलायला, जमिनीची पहाणी, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, काढायला आणि एकदा तर बंद पडलेला मिक्सर दाखवायलाही लोक माझ्याकडे आलेले आहेत. पुण्यात आणि बेंगळुरात बरीच वर्षं नोकरी करून मी भालकीला परतले, तेव्हा वाटलं होतं की इकडे हे काम कोण देणार. काम मिळालं. मिक्सरही दुरुस्त झाला, पण तो आमच्या यांच्या हातून, माझ्या नव्हे.

ज्याला दिसत नाही तो माणूस फोन कसा चालवतो, याचं लोकांना मोठं नवल वाटतं. फोनमध्येच एक वाचून दाखवणारा आवाज असतो, बहुतेक बाईचा. काचेवर बोट फिरवाल तसं बोटाखाली जे असेल ते ती मोठ्याने सांगते. हवं ते आलं की दोनदा टिचकी मारायची. पण त्या बाईलाही दिसत नाहीच. वेबसाईट करणाऱ्यानं प्रत्येक गोष्टीला मागून जे नाव दिलेलं असतं तेवढंच ती वाचते. चित्राला नाव नसेल तर ती नुसतं 'चित्र' म्हणते, बटणाला नाव नसेल तर 'बटण'. म्हणून आमचा पहिला आग्रह असतो की प्रत्येक चित्रामागे दोन शब्द लिहा.

हा आग्रह मी गाणगापूरच्या एका लॉजवाल्या गुरुजींना केला, आणि पस्तावले. त्यांच्या वेबसाईटवर फोटोच फोटो होते. मी म्हटलं, गुरुजी, प्रत्येक फोटोत काय आहे ते लिहा, म्हणजे न दिसणाऱ्या भक्तालाही कळेल. गुरुजी मन लावून काम करणारे. त्यांनी लिहिलं. काही दिवसांनी सोलापूरच्या एका भक्ताचा त्यांना फोन आला की खोली कुठे मिळते हे कळायच्या आत माझ्या फोनची बॅटरी संपते.

मी ऐकून पाहिलं. पहिला फोटो नव्या जिन्याच्या उद्घाटनाचा होता. त्याच्यामागे गुरुजींनी जिन्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं होतं, डावीकडून उजवीकडे, पदवीसकट, गावासकट, 'यांचे ज्येष्ठ चिरंजीव' आणि 'यांचे जावई' यांच्यासकट. जे त्या दिवशी येऊ शकले नाहीत पण ज्यांचे आशीर्वाद होते तेही होते. आमच्याकडची लग्नपत्रिका ज्यानं पाहिली असेल त्याला हे नवीन नाही. एक मामा राहिला तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. फोनमधली बाई बिचारी एकेक नाव घेत सुटली होती, आणि तिचा आवाज हिंदीच्या वळणाचा असल्यामुळे कन्नड आडनावांशी तिची चांगलीच झटापट चालली होती. मी म्हटलं, इथे 'लॉजचा नवा जिना' एवढंच पुरे. गुरुजी गंभीर झाले.

"अक्का, एक नाव गाळलं तर पुढच्या पौर्णिमेला ते घराणं शेजारच्या लॉजात उतरतंय बघा."

शेवटी नावांसाठी वेगळं पान केलं. ज्याला आपलं नाव ऐकायचंय त्यानं तिकडे जावं, ज्याला खोली हवी त्यानं खोलीकडे. गुरुजी सांगतात की नावांचंच पान जास्त उघडलं जातं.

अशी गंमत चालते. पण या कामातलं एक दुःखही सांगून टाकते. आम्ही सगळं नीट करून देतो, आणि पुढच्या दिवाळीला मालकाला वेबसाईटला नवा रंग द्यावासा वाटतो. नवा माणूस येतो, भिंतीसकट सगळं खरवडतो, आणि बटणं पुन्हा बिननावाची होतात. आपण केलेलं काम कुणाला दिसत नाही तसं त्याचं जाणंही दिसत नाही. ज्याची वाट बंद झाली त्याला तेवढं कळतं. याचा मला अजून राग येतो.

आता मनोहररावांबद्दल. गावाचं नाव सांगत नाही. आळंदच्या आसपास तुरीचा व्यापार चालणारी गावं पुष्कळ आहेत. मनोहरराव कलबुर्गीच्या एका डाळमिलसाठी तूर खरेदी करत. सगळे त्यांना अप्पा म्हणत, तेव्हा मीही म्हणते. साठीतला माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल जबरदस्त खात्री. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली. ती गेलीय हे त्यांनी बाजाराला बरेच दिवस कळू दिलं नव्हतं. पायाखालचं यार्ड पाठ होतं, आणि सौदा तर टॉवेलाखाली व्हायचा.

हा टॉवेलाचा प्रकार नव्या मंडळींना सांगायला हवा. आमच्याकडे बैलबाजारात तो अजून दिसतो. विकणारा आणि घेणारा हात पुढे करतात, वरून टॉवेल टाकतात, आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. किती बोटं धरली, कशी धरली, यावरून शेकडे आणि दहा ठरतात. तोंडानं दोघं पाऊसपाण्याचं बोलत असतात. भोवती गर्दी उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. कागदोपत्री तो केव्हाच बंद झालाय, पण अप्पांच्या त्या छोट्या खाजगी यार्डात जुने लोक तो चालवत होते. अशा सौद्यात डोळस माणसाला काहीच जास्तीचं मिळत नाही. मी आयुष्यभर असल्या सोयी करत फिरले, आणि ही कुणीतरी आधीच करून ठेवलेली होती.

मग तिथल्या व्यापाऱ्यांच्या मंडळानं सौदा वेबसाईटवर नेला. सकाळी ढिगांना क्रमांक मिळतात, खरेदीदार फिरून माल पाहतात आणि ठरलेल्या वेळेच्या आत आपापल्या फोनवरून भाव टाकतात. वेळ संपली की सगळ्यांचे भाव एकदम उघडतात, ज्याचा जास्त त्याचा ढीग. पद्धत स्वच्छ होती, शेतकऱ्याच्या फायद्याची होती. फक्त अप्पांना त्यात जागा नव्हती. ते पुतण्याच्या, सतीशच्या, कानात भाव सांगत आणि सतीश तो टाकी. सतीश तिशीतला, दोन मुलांचा बाप, माणूस सरळ. पण काकांचा अंदाज आता जुना झालाय असं त्याला वाटे, आणि तो सांगितलेल्या भावात आपल्या मनानं थोडं कमी-जास्त करी. कधी फायदा होई, कधी तोटा. मिलच्या शेठचे फोन सतीशलाच येऊ लागले. दुकानातल्या गादीवर सतीश बसू लागला आणि अप्पा बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. घरात ठरलं की पाडव्याला दुकानाची पूजा सतीशच्या हातून करायची. आमच्याकडे त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो: दुकान आता त्याचं.

त्याच्या आधी काही आठवडे अप्पा सतीशलाच घेऊन माझ्या दारात उभे राहिले. आल्या आल्या फोन पुढे केला आणि म्हणाले, "फोन नीट हाय, कान नीट हायत, बोटं नीट हायत. मग कामून जमना झालंय?"

मी ऐकलं. ढिगांचे क्रमांक चित्रात लिहिलेले, म्हणून बाई म्हणत होती 'चित्र, चित्र, चित्र'. भाव टाकायचं बटण बिननावाचं. आणि वर वेळ संपत आल्याचं घड्याळ होतं, ते दर सेकंदाला मधे तोंड घालत होतं. बाई काही सांगायला लागली की घड्याळ तिला तोडून उरलेले सेकंद सांगे.

"ती नुसती मोजतच बसायली," अप्पा म्हणाले. "मी भाव कवा टाकू?"

वेबसाईट केलेला किरण कलबुर्गीतच होता. चुणचुणीत, पण थोडा फुशारलेला. त्यानं मला समजावलं की मॅडम, आमच्या साईटवर न दिसणारे लोक येतच नाहीत. मी त्याचा माऊस मागितला. संध्याकाळपर्यंत त्याची फुशारकी उतरली आणि आठवडाभरात त्यानं सगळं नीट केलं. क्रमांक वाचले जाऊ लागले, बटणाला नाव मिळालं, घड्याळाला फक्त शेवटी एकदा इशारा द्यायची परवानगी राहिली. अप्पा घरी सराव करू लागले. अप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मला फोनवर सांगितलं, "माझं ऐकायला कधी येळ नव्हता. ह्या बाईचं कसं मान डोलवून ऐकायलेत बघा."

मी अप्पांना कानात घालायची बोंडं दिली होती आणि बजावलं होतं की भाव टाकताना ती कानातच हवीत. ते व्हय म्हणाले होते.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले नाही. काय झालं ते सतीशनं सांगितलं. अप्पांनी सगळे ढीग हातात घेऊन पाहिले, एक मोठा ढीग हेरला, खुर्चीवर बसले आणि ऐटीत फोन काढला. बोंडं खिशातच राहिली. यार्डात ट्रॅक्टरांचा गोंगाट म्हणून आवाज पूर्ण वाढवलेला. त्यांनी भाव टाकला, आणि टाकलेला भाव बरोबर आहे ना हे सांगायला बाईनं तो खणखणीत आवाजात वाचला, ढिगाच्या क्रमांकासकट. नेमके त्याच वेळी ट्रॅक्टर थांबलेले होते. समोरच्या खरेदीदारानं त्यावर नुसता एक रुपया चढवला आणि ढीग उचलला. मग यार्डभर हसं झालं. कुणी म्हणालं, अप्पांनी आता दवंडी पिटणारी ठेवलीय.

अप्पा दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. मी गेले तेव्हा माझ्याशीही नाही. मी बोंडांचा विषय काढला तेव्हा मात्र उसळले. बाजारात कान बंद करून बसायचं तर मग यायचं कशाला? कोण आलं, कोणाची गाडी लागली, कोण कुणाशी कुजबुजलं, हे सगळं ते कानानं बघत होते. आणि कानात बोळे घालून बसलेल्या खरेदीदाराला त्या यार्डात कुणी रामराम घालत नाही. माणूस गाणी ऐकतोय की आपल्याला टाळतोय, असं समजतात. एका कानात एकच बोंड घाला, असं मी सुचवून पाहिलं. म्हणाले, मग अर्धाच बाजार कळंल.

आमच्या धंद्याचं जाडजूड नियमांचं पुस्तक आहे. ते मला बऱ्यापैकी पाठ आहे. त्यात आवाज चालू कसा ठेवावा याबद्दल पुष्कळ आहे, पण भर बाजारात भाव बोलून दाखवला तर काय करावं, याबद्दल काही नाही. मी तेच तेच बोलत राहिले, की आवाज कमी करा, फोन कानाशी धरा, बाजूच्या खोलीत जा. अप्पांनी एकदम माझा हात ओढला, खांद्यावरचा टॉवेल वर टाकला आणि आत माझी बोटं दाबायला सुरुवात केली. काकू चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. मीही लाजले, लपवत नाही. दोन-तीनदा दाबून त्यांनी विचारलं, किती झाले? मी सांगितलं, ते चुकलं. त्यांनी हात सोडला आणि म्हणाले, तुमी बुडालाव, मॅडम, तूर माझी झाली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

सतीश इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. गादी त्याच्याकडे येणार होती, त्यानं गप्प राहिलेलं सगळ्यांत सोयीचं होतं. पण तो वैतागून म्हणाला, "मॅडम, कानाला कामून सांगायलाव? अप्पाच्या हाताला सांगा की."

फोन थरथरतो. बाईला गप्प करून तो आकडा तळहातात सांगू शकतो. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, आणि ज्याला ती सुचून तोटा होणार होता त्याला सुचली.

किरणनं ती करून दिली. पानावर चार मोठे चौकोन, भावाच्या एकेका आकड्याला एक, बोटानं न बघता सापडतील असे. टिचकी मारली की आकडा चढतो. वरून खाली बोट ओढलं की टाकलेला भाव फोन तळहातात परत सांगतो: लांब थरथर म्हणजे पाच, छोटी म्हणजे एक. त्या पानापुरती बाई गप्प. मंडळाच्या बैठकीत थोडी कुरकुर झाली, एकट्या माणसासाठी एवढा खटाटोप कशाला म्हणून. पुढे चांगले डोळे असलेले खरेदीदारही तीच सोय वापरू लागले, कारण शेजारचा फोनात डोकावतो ही तक्रार सगळ्यांचीच होती. कुरकुर करणारे त्यात पहिले होते. अप्पांनी सराव केला, पहिल्यांदा फोन पत्र्याच्या ताटात ठेवून केला, आणि घरभर मधमाश्या शिरल्यासारखा आवाज झाला. मग हातात धरायला शिकले.

पाडव्याला आठवडा राहिला असताना अप्पांनी पुन्हा भाव टाकायचं ठरवलं. या वेळी मी गेले. मिलला त्या दिवशी एक ठराविक ढीग हवाच होता, शेठनं सकाळीच सतीशला तसं बजावलं होतं. अप्पांनी त्या ढिगात हात घातला, मूठभर दाणे चोळले, एक दाताखाली फोडला. खुर्चीवर येऊन बसले. सतीश गादीवर होता. त्यानं भाव विचारला नाही, अप्पांनी सांगितला नाही. मांडीवर टॉवेल, टॉवेलाखाली हात, आणि तोंडानं माझ्याशी गप्पा, आमच्या भालकीकडे हरभरा कसा आहे म्हणून. त्यांच्या तळहातात काय चाललंय तेवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि ते मला दिसत नव्हतं.

वेळ संपली. भाव उघडले. ढीग दुसऱ्याला गेला. अप्पांचा भाव थोडक्यात कमी पडला होता, यंत्राची चूक नव्हती. त्यांनी जो टाकायचा ठरवला तोच तिथे नोंदला होता. सतीश हलक्या आवाजात म्हणाला, मी असतो तर चढवून टाकलो असतो. अप्पा म्हणाले, मला वाटलं न्हाई तेवढ्याचा माल हाय म्हणून. मी मनात म्हटलं, एवढा खटाटोप करून, नेमका आज.

सतीशचा फोन वाजला. शेठच होते. सतीशनं अप्पांना ऐकू यावं म्हणून फोन मोठ्यावर टाकला. भाव कुणी टाकला, हे शेठनं विचारलं. सतीश म्हणाला, अप्पांनी टाकला, स्वतः.

मग शेठ म्हणाले, "फोन अप्पाला दे."

वर्षभरात त्यांनी हे म्हटलं नव्हतं. सतीशनं फोन अप्पांच्या हातात दिला आणि शेठ सुरू झाले. काय ते बोलणं. मिल बंद ठेवू का, इतक्या वर्षांत हेच शिकलाव का, एवढा चिक्कूपणा कशाला. अप्पा पाठ ताठ करून ऐकत होते. मधूनमधून म्हणत होते, "व्हय शेठ. मीच टाकलो. माझीच चूक." चेहरा असा, की जणू मुलाला नोकरी लागल्याचं कळलंय.

फोन चालू असतानाच सतीश गादीवरून उठला. त्यानं तक्क्या सारखा केला, काकांच्या कोपराला धरलं आणि त्यांना आत आणलं. अप्पांनी पायानं गादीची कड चाचपली, आणि शिव्या खात खात ऐसपैस बसले.